तिसरा गियर

कमळाकरने बॉनेट आपटून बंद केलं, हात फडक्याला पुसले आणि वाजणारा फोन स्टिअरिंगपुढच्या खाचेत उभा केला. तो फोन कानाला लावून काही ऐकू येत नसे. बोलायचं तर स्पीकरवरच. कर्जत स्टेशनाबाहेर त्याची कशेळ्याची जीप अजून भरायची होती. नऊ माणसं आत दाटीवाटीने बसून दहाव्याची वाट बघत होती. पुढच्या सीटवर ठकूबाई, मांडीवर भाजीची पिशवी.

फोन कोणाचा ते सगळ्यांना कळलं. कमळाकरची पौर्णिमा फिनलंडला मातीवर संशोधन करायला गेली आहे आणि आज तिचा प्रयोगशाळेतला पहिला दिवस आहे, हे कर्जत ते कशेळे रस्त्यावर ठाऊक नसलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. ती व्यवस्था कमळाकरने स्वतः, फेरीगणिक, केली होती.

"जेवलीस का गं?" त्याने विचारलं.

जेवली होती. तिकडे अकरालाच जेवतात. मग पौर्णिमाचा आवाज बारीक झाला. सकाळपासून काय झालं ते तिने सांगितलं. तिच्या अर्जात तिने एक वाक्य लिहिलं होतं, की मातीतली खनिजं मोजायचं मोठं यंत्र आपल्याला चालवता येतं. खरं तर ते तिने मुंबईत काचेपलीकडून पाहिलं होतं, तेही दोनदा. आज पोचल्या पोचल्या तिकडच्या सरांना खरं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं आणि सांगितलंही. पण सरांचं इंग्रजी मिशीतून येत होतं आणि तिचं भीतीने घाईघाईत बाहेर पडत होतं. सर "गुड, गुड" म्हणाले आणि त्यांनी यंत्राच्या खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. मग ते बराच वेळ काही बोलले. तिला अवाक्षर कळलं नाही, म्हणून तिने सगळ्याला मान हलवली. आता जेवणाची सुट्टी संपली की यंत्र सुरू करायचं होतं. सगळे बघायला येणार होते.

"पप्पा, मी काय करू?"

जीपमधली कुजबुज थांबली. कमळाकरने मागे पाहिलं नाही. फडक्याने त्याने डॅशबोर्डचा एकच कोपरा पुसून पुसून लख्ख केला.

"चांगोशेठनं ही गाडी घेतली तवा मला इचारलं, चालवता येते का. मी म्हटलं, येते. मी निसत्या धुतल्या होत्या गाड्या."

पौर्णिमाने विचारलं,

"मग?"

"मंग काय, चालवली. तीन महिनं तिसरा गियर टाकला नाय. लोकं म्हणायची, कमळाकर सांभाळून चालवतो."

मागे कोणीतरी खोकलं. ही गोष्ट कमळाकरने सव्वीस वर्षांत बायकोलाही सांगितली नव्हती.

"पर तू तसं करू नको," तो म्हणाला. "माझ्या पोटात अजून हाय ते. कोणी चांगला म्हटला की आत टोचतंय. तू जाऊन सांग. कळलं नाय तर परत सांग."

फोन बंद झाला. दहावा माणूस आला, पण तेवढ्यात मागचे दोघे केळी घ्यायची राहिली म्हणून उतरले आणि पुढच्या जीपमध्ये जाऊन बसले. कमळाकरने त्यांची वाट पाहिली नाही. रस्ताभर त्याने गियर बदलला की सगळ्यांच्या नजरा त्याच्या हाताकडे वळत. एवढ्या नजरांखाली त्याच्या हातून वाटेत कडावला गाडी बंद पडली. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

कशेळ्याच्या बाजारात जीप थांबली आणि फोन पुन्हा वाजला. उतरणारी माणसं एक पाय खाली टाकून तशीच थांबली.

पौर्णिमाने या वेळी बोलण्याच्या फंदात न पडता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सरांपुढे ठेवलं होतं. सरांनी वाचलं, चष्मा काढला, उठून दार लावून घेतलं. मग अगदी सावकाश, तिला शब्दन् शब्द कळेल असं म्हणाले, की त्यांनाही ते यंत्र येत नाही. ज्याला येत होतं तो नोकरी सोडून गेला. यंत्र चार महिने कापडाखाली पडून आहे, आणि ते चालवणारी मुलगी भारतातून येतेय, असं ते सगळ्यांना सांगून बसले होते.

"आता?" कमळाकरने विचारलं.

"आता दोघं मिळून पुस्तक वाचतोय. सगळ्यांना सांगितलंय, यंत्र उद्या सुरू होईल. चौथ्या पानावर आहोत. ठेवते, सरांनी कॉफी आणली."

माणसं हसत उतरली. एकाने जाता जाता कमळाकरच्या पाठीवर थाप मारली. ठकूबाई मात्र पिशवी धरून बसूनच राहिली.

"उतर की, ठकूबाय."

"उतरतंय." ती समोरच्या काचेतून बघत होती. "तुझ्या पैल्या दिशी मी इथंच बसलेली."

"तुला कुठं कळलं असंल तवा."

"कळलं तर. वळण आलं की तू डोळं मिटायचास."

कमळाकरचा हात गियरवर तसाच राहिला. त्याने विचारलं,

"मंग दुसऱ्या दिशी परत कशी काय बसलीस?"

ठकूबाईने पदर खोचला, पिशवी उचलली आणि जपून पाय खाली टाकला.

"दुसरी जीप कुठं होती रं?"