डॅडीचा जज

मगरी मोजायच्या कामाला मला घेतलं, तेव्हा वर्गातल्या पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मी काही वन्यजीव खात्याच्या इनेझ मॅडमच्या मागे 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' करत फिरले नव्हते. सरळ जाऊन सांगितलं, "मॅडम, माझा जन्म टिकोमा तळ्यावरचा. बाकीच्यांना बेडकाचा डोळा कुठला आणि मगरीचा कुठला हे शिकवण्यातच तुमचा उन्हाळा जाईल." मॅडम म्हणाल्या, "तोंडाने फटकळ आहेस. नजरही तशीच असली म्हणजे झालं." आणि कामावर घेतलं.

काम तसं सोपं. अंधार पडला की बोट काढायची, मॅडम मागे सुकाणूवर, मी पुढे डोक्याला दिवा बांधून. उजेड पाण्यावर फिरवला की डोळे लाल चमकतात. जवळ जायचं आणि मगरीच्या नाकापासून डोळ्यांपर्यंतचं अंतर नजरेनं धरायचं. जितके इंच भरतील तितके फूट मगर लांब. मी ओरडायची, "सहा!", "नऊ!" आणि मॅडम लिहून घ्यायच्या. हे सगळं झटपट करावं लागतं, कारण बोट जवळ आली की मगर बुडी मारते. माणसाला घाबरते म्हणूनच ती जगते, असं मॅडम म्हणायच्या. पहिल्याच आठवड्यात माझे आकडे मॅडमच्या आकड्यांशी जुळायला लागले. घरी येऊन मी अशी काही ऐट मारली की डॅडी म्हणाला, "लॉरेल, पुरे झालं तुझं पुराण. मासा गार होतोय."

डॅडीची तळ्याकाठी खानावळ आहे. गळ टाकायला येणाऱ्यांना भाड्यानं बोटी द्यायच्या, कॅटफिश तळून घालायचा, हा आमचा धंदा. आई गेल्यापासून डॅडीचं मन रमायचं ते एकाच ठिकाणी. संध्याकाळी लाकडी धक्क्याच्या टोकाला बसायचं आणि जजला माशांची मुंडकी टाकायची. जज म्हणजे आमच्या बाजूचा सगळ्यात थोराड मगर. आता शिक्षा सुनावतो की काय, असा चेहरा, म्हणून नाव जज. मगरींना खायला घालायला कायद्यानं बंदी आहे, हे डॅडीला माहीत होतं आणि डॅडी घालतो हे अख्ख्या तळ्याला माहीत होतं. पण त्याच्या हातचा मासा खाऊन चुगली कोण करणार? शिवाय घरात टिली होती, माझ्या बहिणीची चार वर्षांची पोर. बहीण शहरात नर्स आहे, म्हणून टिली आमच्याकडे. तिलाही जज म्हणजे घरातलाच कोणी वाटायचा.

त्या रात्री मोजत मोजत आम्ही आमच्याच काठाला आलो. दिव्यात दोन डोळे पेटले. लांबूनच ओळखले मी.

"अकरा!" मी ओरडले.

डोळे बुडाले नाहीत. उलट आमच्याकडे यायला लागले. मॅडमनी इंजिन बंद केलं. जज शांतपणे आला आणि बोटीच्या कडेशी, माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबला. तोंड जरासं उघडं. वाट बघत होता.

धक्क्यावरून मी त्याला लहानपणापासून बघत आले. पण ते वरून. पाण्यालगत, त्याच्या जबड्यासमोर अशी कधी बसले नव्हते. टिली धक्क्यावर ओणवी झाली, तर तिचं तोंड बरोबर इथे येईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"ह्याला कोणीतरी खायला घालतंय," मॅडम म्हणाल्या. "तो धक्का कोणाचा?"

"माझ्या डॅडीचा."

मॅडमनी पेन वहीवर टेकवलं आणि तसंच धरलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे लिहिलं तर पुढे काय होतं, माहीत आहे ना? माणसांना सरावलेला मगर दुसरीकडे सोडत नाहीत. फिरून माणसांतच येतो. त्याला मारतात. आणि डॅडीला दंड होईल तो वेगळाच."

"माहीत आहे. लिहा."

"सकाळपर्यंत विचार कर हवं तर."

"मॅडम, मी अकरा म्हटलं ते लिहिलंत ना? मग हेही लिहा."

सकाळी डॅडीला मीच सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. तो चुलीवरची कढई तशीच सोडून माझ्याकडे वळला.

"वा! शिकवली, मोठी केली, आणि निघाली काय, तर घरभेदी!"

"म्हण काय म्हणायचं ते."

"अगं, इतक्या वर्षांत त्यानं कोणाच्या केसाला तरी धक्का लावलाय का? गाय आहे गाय!"

"गाय आहे ना? मग टिली राहायला आली त्याच आठवड्यात धक्क्याकडच्या मागच्या दाराला उंचावर कडी का ठोकलीस? तिचा हात पोचू नये म्हणूनच ना? काढ की ती! बसू दे पोरीला धक्क्यावर, पाण्यात पाय सोडून. तुझी गाय आहेच राखायला."

तेल करपलं तरी डॅडीनं कढई उतरवली नाही. मग माझ्याशी बोलणंच टाकलं. मीही त्याचीच लेक, मीही बोलले नाही. पण रात्री बोटीत आकडे ओरडताना माझा आवाज दोनदा चिरकला आणि मॅडमनी तो न ऐकल्यासारखं केलं.

मगरी धरायचा परवाना असलेला ऑर्व्हिल आला. त्यानं गळाला मांस लावून टाकलं. जज ढुंकूनही बघेना. तळ्याच्या मध्यावर डोळे वर काढून पडून राहिला, एक दिवस, दोन दिवस. शेवटी एका दुपारी ऑर्व्हिलनं टोपी काढून डोकं खाजवलं. "परक्या हातचं खात नाही हा. घरच्या माणसानं बोलवायला पाहिजे." आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी आत जाऊन मुंडक्यांचं घमेलं उचललं. लिहा म्हणणारी मी, मग हेही माझ्याच वाटणीचं, दुसऱ्या कोणाच्या गळ्यात कशाला? धक्क्याच्या टोकाशी गेले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मागून डॅडीनं घमेलं माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू बोलावून नाही यायचा तो," तो म्हणाला. इतक्या दिवसांतलं पहिलं वाक्य. "तू टिलीला घेऊन घराच्या पुढच्या बाजूला जा."

"टिली झोपलीय. मी थांबते."

"थांब मग." तो ऑर्व्हिलकडे वळला. "एकाच गोळीत. हात कापणार असेल तर आत्ताच सांग."

"नाही कापणार, हॉयटदादा," ऑर्व्हिल बंदूक भरत डॅडीला म्हणाला.

डॅडी रोजच्या जागी बसला. एक मुंडकं हातात धरलं, खाकरला, आणि टिलीला जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणाला, "ये रे जज. ये बाळा."

जज लगेच निघाला. मध्ये कुठेही न थांबता, पाणी कापत सरळ धक्क्याशी आला आणि तोंड उघडलं. डॅडीनं मुंडकं टाकलं. मग दुसरं टाकलं. घमेलं रिकामं होईपर्यंत त्याला पोटभर खाऊ दिलं, आणि मगच ऑर्व्हिलकडे बघून मान हलवली.