न पुसलेले ठिपके

भिंतीवरच्या पडद्यावर गावातल्या सगळ्या बोटींचे ठिपके होते, फक्त स्टेला मारिसचा नव्हता. जेनिफानं लांबून पाहिलं, मग अगदी पडद्याला नाक लावून पाहिलं. नाहीच. त्या बोटीवर तिचा भाऊ अरुळ होता, त्याच्याबरोबर आणखी आठ माणसं होती, आणि नकाशावर नुसतं निळं पाणी दिसत होतं.

"रात्री होता गं," वरुवेल मामा म्हणाले. "मी पाठ टेकली तेव्हा होता. उजाडायच्या आत गेला. कुणाचा कुठे आहे ते मी बघत नाही, आहे ना एवढंच बघतो. मला वाटलं, तुझं यंत्रच चळलंय पुन्हा."

वरुवेल मामा मच्छीमार संघाच्या वायरलेसचे ऑपरेटर. आधी उभा जन्म समुद्रात काढला, गुडघे गेल्यावर चर्चशेजारच्या या खोलीत येऊन बसले. आणि यंत्र म्हणजे जेनिफानं संघासाठी बनवलेलं नकाशाचं पान. प्रत्येक बोटीवर एक डबी असते, ती उपग्रहाला आपली जागा कळवते, आणि पान दर मिनिटाला सगळ्या बोटींचे ठिपके नव्यानं काढतं. इंजिनिअर झालेल्या पोरीनं गावासाठी काहीतरी केलं म्हणून फादरनी त्यावर पवित्र पाणीसुद्धा शिंपडलं होतं.

काल दुपारपासून वारा सुटला होता. बाकीच्या बोटी एकेक करून परतल्या. अरुळ संध्याकाळी वायरलेसवर बोलला होता, "वायव्येच्या खडकापाशी आहे मामा, परत फिरतोय." त्यानंतर त्याचा आवाज नाही. आज उजाडल्यापासून चार बोटी त्या खडकाभोवती घिरट्या घालत होत्या. मधूनमधून त्यांचा निरोप यायचा, "काही नाही मामा. फळीसुद्धा नाही." फळी म्हटलं की दाराशी बसलेली सुनिजा डोळे घट्ट मिटून घ्यायची. सुनिजा म्हणजे अरुळची बायको, जेनिफाची अण्णी. सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"शेवटी कुठे होता तो, ते तरी काढ ना," ती म्हणाली. "तुझ्या कॉम्प्युटरला माहीत असेल की."

कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. डबी दोन तास गप्प राहिली की त्या बोटीची जागा पुसली जायची. मेलेला ठिपका बघून घरच्यांनी खोट्या आशेवर राहू नये म्हणून ही सोय तिनंच केली होती. त्याआधीच्या जागा तर साठवायच्याच नाहीत, असा संघाचा ठराव होता. मासे कुठे लागतात हे इथे कुणी सख्ख्या भावाला सांगत नाही, तर यंत्राला कोण सांगू देणार? आणि त्या सभेत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, तर अरुळचाच.

"मी कुठे जातो ते बायकोला सांगत नाही," तो उभा राहून गरजला होता, "आणि बहिणीच्या डब्याला सांगू? आता कुठे आहे तेवढं दाखव. कुठे होतो ते पुसून टाक. नाहीतर तुझी डबी मी समुद्रात फेकतो!" सगळी सभा हसली होती, तीही हसली होती. आता त्या हसण्याची आठवण तिला नकोशी झाली.

तेवढ्यात पडदा थिजला. खाली ठेवलेल्या कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायला लागला आणि मधोमध पाटी आली, की पान चालत नाही, वाट बघायची की बंद करायचं?

"बघ! आलं हिचं सोंग," मामा वैतागले. "पंधरा दिवस तुला सांगतोय, अडकतंय म्हणून. तू म्हणतेस, माझ्याकडे नीट चालतं."

तिच्याकडे नीटच चालायचं. काम करताना ती दर पाच मिनिटांनी पान रिफ्रेश करायची, त्यामुळे प्रत्येक वेळी ते कोरं करकरीत. मामा मात्र कशाला हात लावायचे नाहीत. ईस्टरच्या आदल्या दिवशी उघडलेलं पान अजून तसंच चालू होतं, आणि कुणी चुकून काही दाबू नये म्हणून कीबोर्डवर मामांनी जपमाळ ठेवली होती.

"बंद करून चालू कर ना पोरी. नव्या पानावर दिसेलही तो."

तिलाही तेच सुचलं होतं. जपमाळ बाजूला करून तिनं हात पुढे नेलासुद्धा. आणि मग एकदम तिच्या मनात आलं, हे पान इतकं जड झालंय ते कशानं? कशानं भरलंय याचं पोट?

दर मिनिटाला नवे ठिपके येतात. मग जुन्यांचं काय होतं? तिनं स्वतः लिहिलेल्या ओळी तिच्या डोळ्यांपुढे आल्या. जुना ठिपका नकाशावरून काढायचा, एवढं तिनं केलं होतं. पण बोटीचं नाव दाखवण्यासाठी प्रत्येक ठिपका एका यादीलाही बांधला होता, आणि ती यादी तिनं कधी रिकामीच केली नव्हती. म्हणजे डोळ्यांना दिसत नाहीत, पण ईस्टरपासूनचे सगळे ठिपके याच्या पोटात आहेत. सगळ्या बोटींचे. अरुळचेसुद्धा.

"हात लावू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की मामा खुर्चीत दचकले. "कुणीही हात लावू नका याला. हे पान मेलं तर अण्णा गेला!"

असं बोलायला नको होतं. सुनिजा उठून तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली. तिचा गरम श्वास जेनिफाच्या मानेवर लागत होता.

'वाट बघा' दाबून ती थांबली. बऱ्याच वेळानं पान जरासं हललं. मग तिनं चुका शोधायची खिडकी उघडली, पण ती खिडकीही मेमरी खाते आणि इथे तर घासभर उरली नव्हती. सगळे ठिपके मागितले तर पान जागच्या जागी मरेल. फक्त स्टेला मारिसचे, तेही कालपासूनचे, तेही थोडेच. चार शब्दांची ओळ, पण घाईत तिनं ती तीनदा चुकवली. शेवटी टाइप झाली. तिनं एंटर दाबलं.

गोल चक्र फिरायला लागलं. पंखा किंचाळत होता. मामांनी जपमाळ उचलून मुठीत धरली. चक्र थांबलं, पुन्हा फिरलं. जेनिफाला वाटलं, गेलं, संपलं, मी मारलं त्याला.

आणि पडद्यावर आकड्यांच्या ओळी उमटल्या. तिनं आधी मोबाइलवर फोटो घेतला, मग मामांच्या कॅलेंडरच्या चौकटींचाच नकाशा करून पेन्सिलीनं एकेक जागा मांडायला लागली. मांडता मांडता तिचा हात थांबला.

"मामा, हा वायव्येच्या खडकाकडे गेलाच नव्हता. काल दिवसभर इथे होता. पार नैऋत्येला."

मामांनी मान खाली घातली. "वायरलेसवर खरी जागा कोण सांगतो, पोरी? सगळा किनारा ऐकत असतो. मीही कधी सांगितली नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" सुनिजा कडाडली. "सकाळपासून चार बोटी भलतीकडे फिरवताय, आणि तुम्हाला माहीत होतं?"

"खोटं असेल एवढं माहीत होतं गं. खरं काय ते कुठे माहीत होतं?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "हातात तेवढंच होतं."

जेनिफा पुढच्या ओळी वाचत होती. रात्रीपासूनचे ठिपके अगदी जवळजवळ, एकाला एक चिकटून, आणि सगळे आग्नेयेकडे सरकणारे. "इंजिन बंद पडलंय मामा. चालवत नाहीये तो, वाहतोय. इंजिन नाही म्हणून बॅटरी उतरली, म्हणून डबी गप्प आणि वायरलेसही गप्प. प्रवाह असाच असेल तर आता कुठे असेल?"

मामांनी कॅलेंडर ओढून घेतलं आणि आडव्या अंगठ्यानं अंतर मोजलं. मग एका ठिकाणी पेन्सिल टेकवली. त्याच क्षणी पडदा पांढरा झाला. पान गेलं, त्याच्या पोटातलं सगळं घेऊन गेलं. जेनिफानं घाईघाईनं मोबाइल उघडून फोटो आहे ना ते पाहिलं.

मामांनी माइक उचलला, पण बटण दाबेनात. "त्याला बापानं दाखवलेली जागा असणार ती," ते पुटपुटले. "आत्ता बोललो की उद्या सगळ्या किनाऱ्याची जाळी तिथे पडतील. जन्मभर तोंड बघणार नाही तो माझं."

"न बघेना का!" सुनिजानं माइकसकट त्यांचा हात धरला. "जागा गेली खड्ड्यात. मला माणूस पाहिजे. बोला मामा!"

मामा बोलले. कालची जागा, रात्रीचा रस्ता, आत्ता कुठे असेल तो अंदाज, सगळं उघड्या चॅनेलवर, दोनदा. शोधणाऱ्या बोटी तिकडे वळल्या. मग नुसती वायरलेसची खरखर उरली. जेनिफा मनात एकच हिशेब उलटसुलट करत होती: प्रवाह वळला असेल तर? मामांचा अंगठा चुकला असेल तर? बाहेर चर्चच्या पायऱ्यांवर बायका जमल्या होत्या, त्या उरलेल्या आठजणांच्या घरच्या.

उन्हं उतरताना खरखरीतून आवाज आला. क्रिस्तुराजा बोटीचा तांडेल ओरडत होता, "दिसली मामा! स्टेला मारिस दिसली! माणसं हात हलवताहेत!"

"किती माणसं?" जेनिफानं माइक हिसकावून विचारलं. "सगळी मोजा!"

मध्ये इतका वेळ गेला की सुनिजा खाली बसली. मग उत्तर आलं. "नऊ. नऊच्या नऊ आहेत."

पायऱ्यांवर रडारड आणि हसणं एकदमच सुरू झालं. पण इकडे मामांचं काम संपलं नव्हतं. क्रिस्तुराजा लहान बोट, तिला एकटीला ओढता येईना. कोलाचल बंदरातली मोठी बोट पाठवायची तर नेमकी जागा हवी होती. "अरुळला तुझ्या वायरलेसवर घे," मामा तांडेलाला म्हणाले. "त्याच्या तोंडून ऐकू दे."

अरुळचा आवाज आला, घसा पार बसलेला. "मामा."

"स्टेला मारिस, जागा सांग."

सगळा किनारा ऐकत होता, हे अरुळलाही माहीत होतं. मग तो क्रिस्तुराजावरच्या यंत्रात बघून सावकाश, एकेक आकडा सुटा करून बोलायला लागला. सात अंश, एकेचाळीस मिनिटं, उत्तर अक्षांश. मग रेखांश. सगळं सांगून झालं आणि त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

सुनिजानं जेनिफाचा दंड धरला. "खरं सांगतोय का गं तो?"

जेनिफानं कॅलेंडरवर मामांनी टेकवलेल्या पेन्सिलीच्या खुणेवर हात ठेवला आणि आकडे पडताळले. तिला नीट दिसत नव्हतं, तरी दोनदा पडताळले.

"हो अण्णी," ती म्हणाली. "खरं सांगतोय."