नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव रोपे

सकाळी सात वाजता भावनाबाई मला जवळजवळ ओढतच मैदानावर घेऊन गेल्या. अमरावतीच्या कृषी प्रदर्शनात दर्यापूरकडच्या शंभर बायकांनी झेंडूची रोपे मांडली होती. प्रत्येकीची शंभर रोपांची एक ओळ, एकूण दहा हजार. स्पर्धेचा नियम असा, की मांडणी भरीव आयत हवी. मध्ये एकही जागा रिकामी नको. भावनाबाई गटाच्या अध्यक्षा. पशुविभागासाठी त्यांनीच आणलेली बकरी पहाटे सुटली आणि शेवटच्या, म्हणजे पार्वताबाईंच्या, ओळीतली नऊ रोपे फस्त करून गेली.

"काका, परीक्षक नऊ वाजता येतात. साऱ्या म्हणतात, ती ओळच काढा. पण म्हातारीची बाकीची एक्क्याण्णव रोपं बाहेर ठेवू? अन् खाल्ली कोणं? माह्या बकरीनं! कोणत्या तोंडानं सांगू तिले?"

मी तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस; आधी पद्धतशीर तपासणी. ९९९१ला पूर्ण भाग जाणारी संख्या सापडली, तर तितक्या ओळींचा आयत होईल. संख्या विषम, म्हणून दोन बाद. अंकांची बेरीज अठ्ठावीस, म्हणून तीन बाद. पाच, सात, अकरा, तेरा, सतरा यांनीही भाग गेला नाही.

"बहुधा मूळ संख्या आहे," मी म्हणालो.

"मंग?"

"मग सगळी एकाच ओळीत लावावी लागतील."

"काका, ते ओळ बडनेऱ्याले पोचन!"

तेवढ्यात पार्वताबाई आल्या. त्यांनी उघडी पडलेली जागा पाहिली. "दहा हजारातून नऊच गेली ना? तं काहून तोंड पाडून राहिल्या?"

दहा हजारातून नऊ! मी उरलेल्या संख्येला भागत बसलो होतो. ती उरली कशी, हे पाहिलेच नव्हते. दहा हजार हा शंभराचा वर्ग, नऊ हा तिनाचा. वर्गातून वर्ग वजा केला की दोन अवयव आपोआप मिळतात: शंभर उणे तीन आणि शंभर अधिक तीन.

"सत्त्याण्णव ओळी, प्रत्येकीत एकशे तीन!"

"सारी उचलाची? दोन घंट्यात?"

"नाही. शेवटच्या तीनच ओळी उचला. त्यांत दोनशे एक्क्याण्णव रोपे आहेत. बाकीच्या सत्त्याण्णव ओळींच्या टोकाला तीन-तीन लावा, बरोबर संपतील."

मी टेप लावली. आयत दीड फुटाने वाढणार होता. शेजारच्या मांडणीची दोरी दोन फुटांवर होती. पार्वताबाईंच्या अलीकडच्या दोन ओळी ज्यांच्या, त्या दोघी पदर खोचून तयार झाल्या. भावनाबाई मात्र जागच्या हलेनात.

"मावशी, यात तुमची ओळ मोडते."

"मोडू दे व! कोपऱ्यात पडली होती मी. आता साऱ्याइच्या घरी पाहुणी जातो."

आणि त्यांनी आपली रोपे एकेका ओळीला एकेक, स्वतःच्या हाताने लावली. शेवटचे रोप बसले तेव्हा कोणाच्याही हातात काही उरले नव्हते. परीक्षक फाटकातून आत येत होते.

"आजी, तुमची ओळ कोणती?" त्यांच्यातल्या एकाने विचारले.

पार्वताबाईंनी मैदानभर हात फिरवला. "कोणत्याबी ओळीच्या टोकाले पाहा, साहेब."

ओळी सत्त्याण्णव, त्यांची रोपे एक्क्याण्णव; सहा ओळी वगळता हे खरे होते. मी टेप गुंडाळून खिशात टाकली.