तीन आडवे टाके

पाहुणे सरांच्या खोलीत येतात आणि माझ्यावर हात फिरवून म्हणतात, "टेबल छान आहे हो!" टेबल म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. मित्रांनो, मी शिलाई मशीन आहे. माझं डोकं पोटात दुमडून वर फळी टाकली आहे आणि त्या फळीवर संगणक ठेवला आहे, म्हणून मी कुणाला ओळखू येत नाही. चाळीस वर्षं मी लोकांचे सदरे, पाटलोणी आणि शाळेचे गणवेश शिवले. एका माणसाचा राखाडी कोटही शिवला. त्या कोटाचीच गोष्ट मला सांगायची आहे. बाकी माझ्या आयुष्यात फारसं काही नाही, तरी रीत म्हणून थोडक्यात सांगते.

एका कारखान्यात माझं लोखंड ओतलं गेलं. मग काळा रंग चढला आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी आली. मी दिसायला देखणी होते. हे माझं मी सांगू नये, पण आता दुसरं कोण सांगणार? मला एका शिंप्याने विकत घेतलं. पुढे त्याचा मुलगा माझ्यावर बसू लागला. त्याला सगळा बाजार 'मास्तर' म्हणायचा, म्हणून मीही मास्तरच म्हणते. मास्तरांचे आजोबा फार वर्षांपूर्वी दुसऱ्या मुलखातून या शहरात आले होते. त्या लोकांची घरातली भाषा वेगळी, प्रार्थनेची पद्धत वेगळी, आणि शहरात ते अगदी मूठभर. मला त्यातलं काही कळत नसे. कापडाला कुणाची प्रार्थना चिकटून येत नाही.

महापालिकेने बाजारात गाळे बांधले तेव्हा मास्तरांना एक मिळाला. तिकडे नेताना मी हातगाडीवरून आपटले आणि कापड पुढे सरकवणाऱ्या माझ्या दात्यांपैकी डावीकडचा एक मोडला. तेव्हापासून कापड माझ्याकडून किंचित तिरकं सरकतं. सरळ शिवणीत मास्तर ते हाताने सांभाळून घेत. पण ठिगळाच्या कोपऱ्यावर वळताना टाका निसटायचा, म्हणून ते कापड फिरवून कोपऱ्यावर तीन आडवे टाके घालत. दुरुस्तीवाला म्हणाला, दाते बदलून टाका. मास्तर म्हणाले, राहू दे, म्हातारीची खोड आहे ती, मला सवय झाली आहे. साऱ्या शहरात ठिगळाच्या कोपऱ्यांना असे टाके घालणारं दुसरं कुणी नव्हतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सरांबद्दल. सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. निवृत्त झाले आणि रोज सकाळी वर्तमानपत्र काखेत मारून आमच्या गाळ्यात येऊ लागले. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसायचे आणि जगाचा कारभार उलगडून सांगायचे. कुठल्या देशात निवडणुकीत घोटाळा झाला, कुठे सैन्य सत्तेवर आलं, कुठे कुणाला गावं सोडून पळावं लागलं. मास्तर पॅडल मारता मारता ऐकत. मध्येच एखादा भोळा प्रश्न विचारत, आणि सरांना त्याहून मोठा आनंद नसे. मोबाइलवर नकाशा मोठा करून बघायला सरांनीच त्यांना शिकवलं. दोन बोटं काचेवर ठेवायची आणि फाकवायची. मास्तरांना त्याची फार गंमत वाटली होती.

मास्तरांना एकच लेक. तीही शाळा सुटली की गाळ्यात येऊन बसायची. वक्तृत्व स्पर्धेसाठी सरांनीच तिची तयारी करून घेतली. वादात आवाज चढवायचा नाही, मुद्दा चढवायचा, असं ते तिला सांगत. ती मोठी झाली, कायद्याचं शिकू लागली, तरी ते वाक्य विसरली नाही. आणि सरांचं आणखी एक वाक्य तिने वहीत उतरवून घेतलं होतं. ते वाक्य सर चहाचा कप हातात धरून बोलले होते, मी समोरच होते. "लोकशाही म्हणजे काय, मास्तर? ज्याच्या बाजूने कुणीच मत देत नाही, त्यालाही सकाळी निर्धास्त दुकान उघडता येणं."

ते ऐकून मास्तरांनी पॅडल थांबवलं होतं. हातातलं काम सोडून ते सहसा थांबत नसत.

त्याच सुमारास सरांच्या त्या राखाडी कोटाचं उजवं कोपर फाटलं. मास्तरांनी त्यावर तपकिरी ठिगळ लावलं. तपकिरी दोरा संपला होता म्हणून लाल दोरा घातला आणि चारी कोपऱ्यांवर तीन तीन आडवे टाके दिले. सर म्हणाले, आता हे कोपर माझ्याआधी काही जात नाही. दोघे हसले.

मित्रांनो, इथवर माझं आयुष्य सरळ शिवणीसारखं होतं. पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. लेक गाळ्यात बसून मोबाइलवरचं वाचून दाखवायची, ते ऐकलं.

शहरातल्या लोकांनी इंटरनेटवर चर्चेचा एक कट्टा उघडला होता. सुरुवातीला तिथे नळाचं पाणी, रस्त्यातले खड्डे असल्या गोष्टी चालत. मग कुणीतरी बाजारातल्या गाळ्यांचा विषय काढला. गाळे महापालिकेचे, म्हणजे शहराचे. मग ते बाहेरून आलेल्यांना का? ज्याचा आजोबा याच शहरात जन्मला, त्यालाच गाळा मिळावा. आधी चारदोन जण असं लिहीत. त्यांना धड लिहिता येत नसे, नुसत्या शिव्या. मग 'जागता नागरिक' नावाचा एक माणूस आला. त्याचा चेहरा नाही, खरं नाव नाही, पण भाषा अशी की वाचणारा मान डोलवायचा. दहा देशांचे दाखले, कायद्याची कलमं, शिवी एकही नाही. बहुमताला काय हवं ते होऊ देणं म्हणजेच लोकशाही, असं तो समजावून सांगे. महिन्याभरात दहा हजार लोक त्याच्यामागे उभे राहिले.

लेक स्वतःच्या नावाने त्याला उत्तरं देई. तिला लोक काय वाटेल ते बोलत. निघून जा म्हणत, त्याहून वाईटही म्हणत. ती ते वडिलांना वाचून दाखवत नसे, पण वाचता वाचता गप्प झाली की मास्तरांना कळायचं. तरी ती म्हणायची की बाबा, हा जागता नागरिक निदान मुद्द्याला मुद्दा देतो, याला पटवता येईल. एक दिवस तिने वहीतलं ते वाक्य लिहिलं. ज्याच्या बाजूने कुणी मत देत नाही, त्यालाही निर्धास्त दुकान उघडता येणं. त्यावर जागत्या नागरिकाचं उत्तर आलं: 'हे कुणा भाबड्या माणसाने चहा पिता पिता काढलेलं वाक्य दिसतं. राज्य असल्या वाक्यांवर चालत नसतं.'

लेक म्हणाली, चहा पिता पिता? मी तर चहाचं कुठे लिहिलंच नव्हतं. मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. मला वाटतं, त्यांनी तो विचार मनात येऊ दिला नाही.

सर रोज येतच होते. गाळ्यांचा विषय निघाला की म्हणत, लोक मूर्ख असतात मास्तर, चार दिवसांची हवा आहे. आणि लगेच कुठल्यातरी लांबच्या देशाकडे वळत.

मग अर्ज तयार झाला. गाळ्यांचा नियम बदला, अशी मागणी, आणि गाळेवाल्यांनी भरायच्या माहितीचा नमुनाही जोडलेला. तो अर्ज जागत्या नागरिकाने लिहिला होता आणि त्यावर हजारो लोकांनी इंटरनेटवर सह्या केल्या. त्या आनंदात त्याने पहिल्यांदा स्वतःचा फोटो टाकला. चेहऱ्याचा नाही, फक्त हाताचा. टेबलावर टेकलेलं कोपर, कळफलकावर बोटं, खाली ओळ, 'ही बोटं थांबणार नाहीत.' लेकीने मोबाइल वडिलांपुढे धरला. म्हणाली, बघा बाबा, हाच तो हात.

मास्तरांनी चष्मा लावला. काचेवर दोन बोटं ठेवली आणि फाकवली. त्यांचा पाय माझ्या पॅडलवरच होता. माझं चाक थोडं पुढे, थोडं मागे असं हलत राहिलं. राखाडी बाही, तपकिरी ठिगळ, लाल दोरा, कोपऱ्यावर तीन आडवे टाके. मला ते बघायचीही गरज नव्हती. माझा मोडका दाता माणूस पकडून देईल, असं मला जन्मात वाटलं नव्हतं. लाज सरांना वाटायला हवी होती, पण वाटली मला.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीसारखे आले, स्टुलावर बसले, वर्तमानपत्र उघडलं. अंगात कोट होता. लेक कॉलेजात गेली होती. मास्तर बराच वेळ एक बाही शिवत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "सर, फोटो छान आलाय."

वर्तमानपत्र खाली आलं. सरांनी आधी स्वतःच्या कोपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मास्तरांकडे.

"मास्तर, ते तुमच्याबद्दल नव्हतं," ते म्हणाले. "मी तत्त्वाचं बोलत होतो. तुम्ही वेगळे."

"अर्जात 'वेगळे' असा रकाना नाहीये, सर," मास्तर म्हणाले. "आजोबांचं जन्मगाव विचारलंय फक्त."

सरांना पुष्कळ काही बोलता आलं असतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय? पण मी महापालिकेत सांगून बघतो, असं काहीतरी पुटपुटत ते उठले. मास्तर म्हणाले की डावं कोपर विरत आलंय, कोट ठेवून जा, संध्याकाळपर्यंत ठिगळ लावून देतो. सरांनी कोट काढला नाही. उलट गळ्यापर्यंत बटणं लावून घेतली आणि निघून गेले. स्टुलावर त्यांचं वर्तमानपत्र राहिलं.

सर खरंच महापालिकेत गेले होते. हे मला नंतर, या घरात आल्यावर कळलं; काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ते सांगत होते. एका कारकुनापुढे तासभर बसले. एका शिंप्यापुरता अपवाद करा म्हणाले. कारकुनाने अर्जाचा शेवटचा परिच्छेद काढून पुढे ठेवला. 'नियमाला एकही अपवाद असू नये. अपवादातूनच अन्याय सुरू होतो.' वाक्य सरांचंच होतं. मी लिहिलं आहे, असंही त्यांना तिथे सांगता येईना.

नियम झाला. बाजारातले सात गाळे रिकामे करायला सांगितले. लेकीने न्यायालयात अर्ज केला, पण तारीख गाळा गेल्यानंतरची मिळाली. मास्तर तिला घेऊन दुसऱ्या शहरात भावाकडे निघाले. तिथे एका खोलीत सहा माणसं. माझ्यासारखं लोखंडाचं धूड कुठे नेणार? त्या सकाळी सर आले. स्टूल आधीच कुणीतरी नेलं होतं, म्हणून उभेच राहिले. आठवण म्हणून मशीन मला द्या, म्हणाले.

मास्तरांनी मला शेवटचं पुसलं. तेलाचे चार थेंब सोडले. मग माझ्या चाकावरचा चामडी पट्टा काढला, गुंडाळून खिशात ठेवला. सुईही काढून घेतली. "घेऊन जा," ते म्हणाले. सरांना नाही, हमालाला.

तर अशी मी इथे आले. महिना दोन महिने सर काही लिहीत नव्हते. काकूंना वाटलं, सुटले एकदाचे. मग पुन्हा कळांची टकटक सुरू झाली. आता ते खऱ्या नावाने लिहितात, आणि बाजाराबद्दल नाही. लांबच्या एका देशात एका लहानशा समाजाला घराबाहेर काढत आहेत, त्यांच्याबद्दल लिहितात. सवयीप्रमाणे आधी मोठ्याने वाचतात. फार सुंदर लिहितात हो. परवा त्यांनी तेच चहाचं वाक्य पुन्हा घातलं, दुकानासकट. शेकडो लोकांनी वाहवा केली. काकू दारातून म्हणाल्या, "त्या देशातल्या शिंप्याची एवढी काळजी. आपल्या मास्तरांना एक फोन केलात कधी?" सर म्हणाले, नंबर बदलला असेल. लावून बघितला मात्र नाही.

लिहिताना त्यांचा पाय नकळत माझ्या पॅडलवर येतो. पॅडल हलतं, खालचं मोठं चाक फिरतं. पट्टा नाही, त्यामुळे वर काही पोचत नाही. तासन् तास मी अशी रिकामी फिरते.

त्या लेखाखाली लोकांनी लिहिलेलंही सर मोठ्याने वाचत होते. एक झालं, दुसरं झालं. तिसरं वाचायला लागले. "सर, लेख वाचला. तुम्ही शिकवलंत तसाच आहे. बाबांनी निरोप दिलाय, थंडी पडायच्या आत डाव्या कोपराला..." इथे त्यांचं वाचन तुटलं. पाय थांबला, माझं चाक थांबलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल. निदान रडेल.

मग एक कळ दाबल्याचा आवाज आला. फक्त एक, खोडायची. आणि त्यांनी चौथं वाचायला घेतलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या मशिनी शेवटी म्हणतात, आम्हाला तेल द्या, अडगळीत टाकू नका. मी ते मागत नाही. उद्या तुम्हीही असंच लिहायला बसाल. देशाबद्दल, जगाबद्दल, कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं याबद्दल. लिहा. पण त्याआधी टेबलावर टेकलेलं आपलं कोपर एकदा उलटून बघा, तिथला टाका कुणी घातला आहे ते. सरांनी कोट अजून टाकलेला नाही. डावं कोपर आता पार फाटलं आहे आणि आतलं अस्तर दिसतं. उजव्या कोपराचा एकही टाका सुटलेला नाही, आणि त्याच कोपरावर भार देऊन ते लिहीत बसतात.