खळं उठेपर्यंत

जांभूळटेकात एक नियम होता. तो कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तो मोडायची कुणाची छाती नव्हती. भात कापून खळ्यावर आलं, पेंढ्यांच्या उडव्या रचल्या, की मळणी होऊन दाणा घरात जाईपर्यंत कुणाच्याही चुलीतला विस्तव उंबऱ्याबाहेर जायचा नाही. शेजारणीला नाही, पाहुण्याला नाही, बिडी शिलगवायलासुद्धा नाही. विस्तवाबरोबर खळ्याची बरकत जाते म्हणे. पाटणच्या वरच्या डोंगरात घरं ती किती, बोटावर मोजण्याइतकी. सगळ्यांचं खळं एक, खळ्याच्या मध्ये रोवलेला खांब, म्हणजे मेढ, एक, आणि मळणीही पाळीपाळीनं, पैऱ्यानं चालायची. आज तू माझ्याकडे राब, उद्या मी तुझ्याकडे येते.

हा नियम पाळण्यात बनुबाई गावात पहिली. बाई कष्टाची, हाताची स्वच्छ, अडल्या बाईचं बाळंतपण करायला पावसापाण्यात धावणारी. खोट एकच, संशय फार. दूध नासलं तर लोक भांडं हुंगतात, बनुबाई माणसं हुंगायची. नवरा पलटणीतून पेन्शनीत आला आणि वारला, लेक शिवतेज काश्मिरात. घरात उरल्या दोघी, ती आणि लग्नाला वर्ष न झालेली सून क्रांती.

क्रांती जतची. तिचा चुलता आणि बनुबाईचा नवरा एका पलटणीतले, तिथंच लग्नाचं बोलणं झालेलं. पोर कामाला वाघीण, पण बोलायला कंजूस. त्यातून तिला कानडी येई. जात्यावर बसली की मधूनच त्या भाषेतलं काहीतरी गुणगुणायची. बनुबाईला त्यातलं अक्षर कळत नसे, आणि न कळणारी गोष्ट तिला कधीच चांगली वाटली नव्हती.

तुळशीचं लग्न लागलं आणि आभाळ फिरलं. रेडिओवर सांगत होते, समुद्रात वादळ उठलंय. कार्तिकात एरवी पहाटे दव पडतं, ऊन कोवळं असतं, माणसं खळं सारवून मळणीला लागतात. त्या वर्षी कड्यावरून वारा असा सुटला की घरांची कौलं उडाली, आणि मागून आषाढाला लाजवील असा पाऊस. अख्ख्या गावाचं भात उडव्यांत. माणसांनी घोंगडी, ताडपत्री, घरातली चादर, हाताला लागेल ते त्यांच्यावर टाकलं आणि दारात बसून आभाळाला शिव्या घातल्या.

त्याच संध्याकाळी बनुबाईच्या दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावरून घोंगडं, घोंगड्याला पाण्याच्या धारा, हातात फुटक्या मडक्याचं खापर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाखाली उतरणाऱ्या मेंढपाळांतली होती. वादळानं त्यांचा कळप डोंगरातच कोंडला होता. तिनं खापर पुढं केलं आणि कानडीत दोन शब्द बोलली. खापर पुढं करणाऱ्या बाईला काय हवंय, हे कळायला भाषा लागत नाही.

"न्हाई बाई," बनुबाई म्हणाली, "खळं उठू दे. मग चूल घेऊन जा पायजे तर."

बाई थोडी थांबली, दाराच्या चौकटीला हात लावून वाकली, आणि निघून गेली. क्रांती आतल्या दारात उभी होती. ती सासूकडे बघत नव्हती, त्या गेलेल्या बाईच्या पाठीकडे बघत होती.

"काय म्हणत व्हती?" बनुबाईनं विचारलं.

"विस्तव मागत व्हती, आत्ती."

"ते मलाबी कळलं. आनि काय?"

"आनि काय न्हाई," क्रांती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तिचं 'काय न्हाई' बनुबाईच्या मनात रात्रभर रुतून बसलं.

बनुबाई निजायच्या आधी चुलीत गोवरी पुरून वर राख लोटायची. सकाळी राख उकरली की लाल विस्तव तयार. दुसऱ्या दिवशी तिनं उकरलं तर गोवरी अर्धीच. जळली म्हणावं तर तुटल्याची कड स्पष्ट दिसत होती. मनात पाल चुकचुकली. पण बनुबाई असल्या वेळी बोलणारी नव्हे, पाळत ठेवणारी. त्या संध्याकाळी तिनं राखेवर बोटानं एक रेघ ओढून ठेवली. सकाळी रेघ होती, पण ती तिच्या बोटाची नव्हती. कुणीतरी बारीक बोटानं पुन्हा ओढलेली होती.

आता मात्र बाईचा डोळा घरभर फिरायला लागला. आणि डोळा फिरला की सापडायला काय वेळ? फडताळातली सुंठ कमी झाली होती. गुळाची ढेप एका बाजूनं खाल्ली होती. तुपाच्या बुडकुलीत पळी खोल गेलेली. तिचं स्वतःचं जुनं, मऊ झालेलं लुगडं दांडीवरून नाहीसं झालं होतं. दुपारी पाऊस जरा ओसरला की क्रांती "शेळीला पाला आणते" म्हणून इरलं घेऊन निघायची आणि परत यायची ती मूठभर पाला घेऊन. एवढ्या वेळात बाईमाणूस अख्खं झाड सोलून आणील.

सुंठ, गूळ, तूप, मऊ लुगडं. गावातली निम्मी पोरं जिच्या हातावर जन्मली, त्या बाईला एवढ्यावरून उमगायला हवं होतं. पण संशय एकदा डोक्यात बसला की शहाणपणाला बाहेर ओसरीवर बसावं लागतं. बनुबाईला त्या चार वस्तूंत एकच गोष्ट दिसली. सून घरातलं काढून कुणाला तरी चारते आहे.

कुणाला, ते शेजारच्या हरिबानं सांगितलं. हरिबा म्हणजे गावचं बिनपैशाचं वर्तमानपत्र.

"काकू, राग मानू नगा," तो ओसरीवर पाणी निथळत म्हणाला, "पर तुमची सून काल वरच्या माळाला त्या मेंढक्यासंगं बोलत व्हती. कानडीत. गडी रडत व्हता, आनि ही त्याची समजूत काढत व्हती."

"गडी कसला?"

"तरनाच हाय की."

बनुबाई उंबऱ्यावर बसली. लेक तिकडं बर्फात बंदूक घेऊन उभा, आणि इकडं ही. तिला रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला, आणि रागाच्या भरात माणूस करतं ते तिनं केलं. "हरिबा, पाटणला जाशील तवा त्या एसटीडीवरनं जतला फोन लाव. तिच्या बापाला सांग, लेकीनं घराची अब्रू घालवली, येऊन घेऊन जा म्हणावं." हरिबाला पाटणला काही काम नव्हतं, पण असल्या निरोपासाठी तो भर वादळात साताऱ्यालाही गेला असता.

पाऊस थांबेना. उडव्यांच्या वरच्या थरातल्या लोंब्यांना कोंब फुटायला लागले. वर्षाचं भात डोळ्यांदेखत कुजत होतं. देवळात माणसं जमली तेव्हा देवस्थानाचं बघणारे आप्पासो सगळ्यांवर नजर फिरवत म्हणाले, "कार्तिकात असला पाऊस उगाच न्हाई पडत. कुनाच्या तरी घरातनं विस्तव भाईर गेलाय. ऊन पडंल त्या दिशी मेढीला हात लावून समद्यांनी बोलायचं. ज्याच्या घरातनं गेला, त्याचं खळं शेवटाला, आनि पैऱ्याला तिथं कुनी जायचं न्हाई."

माणसं एकमेकांकडे चोरून बघायला लागली. जी घरं कालपर्यंत एका ताडपत्रीखाली उभी होती, ती आता एकमेकांच्या धुराड्यांवर नजर ठेवून बसली. हरणाबाई धोंडुबाईच्या घरी जाऊन उगाच चुलीपाशी बसून आली. बनुबाई मात्र मान खाली घालून घरी आली. राखेतली ती दुसरी रेघ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. क्रांतीनं इरलं घेतलं. इरल्याखाली तिचा एक हात पोटाशी धरलेला होता, आणि त्या हातापाशी इरल्यातून बारीक धूर निघत होता. बनुबाईनं तिला वळणापर्यंत जाऊ दिलं आणि घोंगडं ओढून मागं निघाली.

वाट वर माळाला जात होती. वारा तोंडावर पाणी मारत होता, पायाखालची लाल माती सुटत होती. क्रांती थेट बनुबाईच्याच गुरांच्या खोपीपाशी गेली. उन्हाळ्यात गुरं वर असली की वापरायची खोप, एरवी मोकळी. खोपीबाहेर मेंढरं एकमेकांत डोकी खुपसून उभी होती आणि त्यांच्यात तो तरणा मेंढपाळ, भर पावसात, दाराकडे पाठ करून उभा होता. बनुबाईला बघून तो दचकला आणि बाजूला सरला. दाराकडे पाठ करून पुरुष कधी उभा राहतो, हे बनुबाईला माहीत होतं. ती वाकून दारातून गेली.

आत तिच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, मुठीएवढ्या तोंडाचं मूल होतं. दारात खापर घेऊन आलेली ती बाई भिंतीला टेकून बसली होती. क्रांती विस्तवावर तळहात धरायची, आणि गरम झालेला हात बाळाच्या पोटावर ठेवायची. पुन्हा धरायची, पुन्हा ठेवायची.

सासूला बघून ती उठली नाही.

"त्या दिशी दारात आली तवाच तिच्या कळा सुरू झाल्या व्हत्या," ती म्हणाली. "चौकट धरून वाकली, बगितलं न्हाई तुमी?"

बघितलं होतं. बनुबाईनं बघितलं होतं, आणि तिला वाटलं होतं बाई घरात डोकावते आहे.

"मला का न्हाई सांगितलंस गं? मी आले असते की. मी कुनाला न्हाई म्हनलेय का आजवर?"

"तुमी आला असता, आत्ती. विस्तव दिला असता?"

बनुबाई पुढं सरली. ती खाली बसली, बाळाचे पाय हातात घेतले. गार होते. तिनं ते आपल्या तळव्यांत धरून चोळायला सुरुवात केली, आणि चोळता चोळता तिला हरिबाचा फोन आठवला. हरिबा कालच जाऊन आला होता आणि ओसरीवर बसून "सांगितलं बगा" म्हणून चहाही पिऊन गेला होता. क्रांतीला सांगावं म्हणून तिनं दोनदा तोंड उघडलं. पण जिभेला धार लावायची सवय असलेल्या माणसाला ती मऊ कशी करायची ते लवकर आठवत नाही.

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी ऊन पडलं. आठवडाभराचा चिखल वाफाळायला लागला. गाव खळ्यावर जमलं, उडव्यांवरची ताडपत्री निघाली, ओल्या पेंढ्यांचा आंबूस वास सुटला. एकेका घरची जाणती बाई पुढं यायची, मेढीला हात लावायची, "आमचा विस्तव घरात हाय" म्हणायची आणि मागं सरायची. हरणाबाईनं हात लावला. धोंडुबाईनं लावला.

तेवढ्यात खालच्या वाटेनं एक पांढरं मुंडासं वर येताना दिसलं. क्रांतीचे वडील, नाथाजी. रात्रभर एसटी बदलत आलेला माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी कुणाला राम राम केला नाही. लेकीसमोर उभे राहिले.

"फोन आला. पिशवी भर," एवढंच म्हणाले.

क्रांतीनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग सासूकडे. तिला सगळं कळायला तेवढं पुरलं. चेहऱ्यावर राग आला असता तर बनुबाईला बरं वाटलं असतं. तिथं काहीच आलं नाही. ती वळली आणि घराकडे चालायला लागली.

"बनुबाई, तुमची पाळी," आप्पासो म्हणाले.

बनुबाई मेढीपाशी गेली. हात लावला. लाकूड ओलं होतं. 'घरात हाय' म्हणायला किती वेळ लागतो? सगळं गाव तिच्यावरच विश्वास ठेवून होतं. तिनं तसं म्हटलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नसतं.

"माझ्या घरातनं विस्तव गेलाय," ती म्हणाली. "रोज गेला. वर खोपीत बाळंतीन हाय, तिच्या पोराला शेकायला गेला. माझ्या सुनंनं नेला, कारन मी दिला न्हाई. दारात कळा देत आलेली बाई मी परत धाडली."

हरिबा पेंढीतल्या काड्या मोडायला लागला.

"नाथाजीराव," ती वळून म्हणाली, "फोन मीच करायला लावला. तुमची पोर सोन्यावानी हाय. घान माझ्या डोस्क्यात व्हती." ती तडक खळ्यालगतच्या आपल्या घरी गेली, चुलीतून खापरभर विस्तव काढला आणि भर उन्हात, न झाकता, सगळ्यांच्या भातामधून चालत वरच्या वाटेला लागली. बाया लुगडी सावरून बाजूला झाल्या.

आप्पासोंनी घसा खाकरला. "रीत ती रीत. ह्या घरचं खळं शेवटाला. पैऱ्याला कुनी जायाचं न्हाई."

बनुबाई थांबली नाही. तिनं हे धरलंच होतं. एकट्या बाईनं एवढी उडवी मळायची म्हणजे पौष उजाडेल, तोवर निम्मं भात कुजेल, हेही तिनं धरलं होतं. पण क्रांती पिशवी घेऊन ओसरीवर उभी होती, तिच्याकडे बघायचं मात्र तिला धाडस झालं नाही. ती तशीच पुढं गेली.

"चल पोरी," मागं नाथाजी म्हणाले. "दुपारची गाडी गावंल."

"कशी येऊ, आबा?" क्रांतीचा आवाज तिला वाटेवर ऐकू आला. पिशवी खाली ठेवल्याचाही आवाज आला. "आमचं खळं व्हायचं हाय अजून. आनि पैऱ्याला कोन न्हाई."

बनुबाईच्या खापरातला एक निखारा वाटेवर पडला. तिनं तो बोटांनीच उचलला, पुन्हा खापरात टाकला, आणि भाजलेली बोटं तोंडात धरून चढण चढायला लागली.