लहान अभ्रा

प्लास्टरच्या तोंडातून डोकावणारं मधलं बोट – टोक सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेलं, आणि आता फुगलेलं… डॉक्टरबाईंची नजर त्यावरून हलेना. नखं गुलाबी होती. नाडी लागत होती. 'नाडी उत्तम आहे, घाबरू नका,' असं सकाळपासून त्याच म्हणत होत्या. आणि इंजेक्शन देऊनही शिवणवाली कण्हतच होती.

"हिचं काय मनावर घेता?" तिच्या सासूबाई म्हणाल्या. "सुई टोचली तरी गल्ली गोळा करते."

"आई, गप्प बसा हो!" शिवणवाली कळवळली. "लहान अभ्र्यात मोठी उशी कोंबावी तसं झालंय, डॉक्टरबाई. उसवायलाच आलंय."

अभ्रा… लहानपणी डॉक्टरबाईंचा कान ठणकायचा, अभ्र्यात तोंड खुपसून त्या रडायच्या – आणि आई म्हणायची, रडण्यानं दुखणं वाढतं – मग रडणं थांबलं, कान मात्र… त्या डाव्या कानानं अजूनही नीट ऐकू येत नाही.

त्यांनी प्लास्टर कापून सैल केलं, आतला कापूसही कापला. दुखणं तसूभर हललं नाही. बोट जरासं सरळ केलं मात्र, शिवणवाली किंचाळली.

नाडीचं काय! हमरस्त्यावर वर्दळ असते, गल्लीबोळ तुंबलेले असतात. स्नायूंभोवतीचा पडदा ताणत नाही. आत सूज वाढते, रक्त शिरत नाही, मांस उपाशी मरतं. हे आपण शिकवतो – आणि सकाळपासून हमरस्त्यावरच उभे आहोत…

"थिएटर तयार करा. आत्ता."

पडदा लांब चिरला तसं मांस उसळून वर आलं – काळपट. बराच भाग हळूहळू लाल झाला. एक कोपरा झाला नाही. झाला का? त्या पुन्हापुन्हा पाहत राहिल्या.

शुद्धीवर येताच शिवणवालीनं विचारलं, "नीट शिवलंत ना?"

"नाही. सूज उतरेपर्यंत उघडंच ठेवायचं. परवा पुन्हा बघू."

"अगंबाई! आणि सुई? सुई धरता येईल ना मला?"

'येईल की' हे जिभेवर तयारच होतं, सकाळच्या त्या नाडीसारखं. त्यांनी ते गिळलं.

"माहीत नाही," म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून उजवा कान तिच्या तोंडाजवळ नेला. "दुखतंय का? मोठ्यानं सांगा."