मला न विचारता लिहिलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. मी खोटा आहे असा आळ माझ्यावर घेतला गेला, आणि ज्यांनी तो घेतला ते अजून खुर्चीत बसलेत. त्यामुळे माझी गोष्ट गोड नाही. गोडच हवी असेल तर पान उलटा.

माझा जन्म गुजरातेत, सावरकुंडल्याच्या काट्यांच्या कारखान्यात झाला. जाड पत्र्याची पाठ, खाली चार पाय आणि शेजारच्या खांबावर लाल आकड्यांची डबी. एक टनापर्यंतचं ओझं मी झेलायचो. तिथून ट्रकने अंधेरीला, साकीनाक्याच्या एका गाळ्यात आलो. परदेशी जाणारे पंप आणि यंत्रांचे भाग लाकडी पेट्यांत भरून देणाऱ्या कंपनीचा तो गाळा. खाली लाकूड कापायचं, खिळे ठोकायचे, पेट्या भरायच्या. वर माळ्यावर ऑफिस. तिथे पॅकिंग लिस्ट बनायची.

ही लिस्ट काय असते ते सांगतो, कारण सगळी वाट तिनेच लावली. कुठल्या पेटीत काय, किती नग, पेटी लांब-रुंद किती, आतल्या मालाचं वजन किती, पेटीसकट किती, हे सगळं त्या कागदावर लिहिलेलं असतं. पेटी मोंबासाच्या बंदरात उतरते तेव्हा तिथल्या हमालाने ती जन्मात पाहिलेली नसते. तो कागदावरचा आकडा बघतो आणि त्या भरवशावर तिच्याजवळ उभा राहतो. एवढाच आधार असतो त्याला.

गाळ्यात माझा एकच सोबती होता. रतन. मूळचा वाशिमकडचा, राहायला घाटकोपरला, पेट्या भरण्यात वीस वर्षं घालवलेला. सकाळी शटर उघडलं की चहाच्या आधी तो चप्पल काढून माझ्यावर चढायचा. बासष्ट. आकडा दिसला की म्हणायचा, "चल, तू पण ठीक, मी पण ठीक." काटा तपासायची ही त्याची रीत. गणपतीत मोदक खाऊन त्रेसष्ट झाला तर स्वतःलाच शिव्या द्यायचा, मला कधी नाही.

मग प्रत्येक पेटी माझ्यावर यायची. रतन खालून आकडा ओरडायचा. वर कॉम्प्युटरवर बसलेली चेतना तो लिहून घ्यायची.

"रतनदादा, हळू ओरडा. मी बहिरी नाही."

"आकडा दोनदा विचारतेस, मग काय समजायचं गं?"

वजनमापं खात्याचे साहेब वर्षातून एकदा येऊन माझ्या अंगावर शिशाचं सील ठोकायचे. एकदा ते म्हणाले, या गल्लीत असा काटा दुसरा नाही. रतनने त्या दिवशी माझी पाठ रॉकेलने पुसून काढली होती. मित्रांनो, माझं कौतुक झालं ते एवढंच. मला तेवढं पुरलं.

मग श्यामसुंदर मॅनेजर होऊन आले. माणूस सतत घड्याळाकडे बघणारा. त्यांनी नवा कायदा काढला. आधी लिस्ट, मग पेटी. माल तोच, गिऱ्हाईक तेच, मग पुन्हा पुन्हा वजन कशाला? मागची फाइल उघडायची, तारीख बदलायची, नंबर बदलायचा, झालं. खाली रतनने लिस्टमधला आकडा बघून पेटीवर काळ्या रंगाने रंगवायचा. म्हणजे पेटीचं वजन मी सांगायचं सोडून कागद सांगायला लागला. माझ्या पाठीवर रंगाचे आणि जेवणाचे डबे आले. रतन मात्र सकाळी डबे बाजूला सारून चढायचाच. बासष्ट.

तो दिवस शुक्रवारचा होता. पंपाची एक पेटी दुपारीच न्यायची होती. कागदावर तिचं वजन होतं चारशे वीस, दर वेळेसारखं. पण या खेपेला गिऱ्हाइकाने पंपासोबत मोटरही मागवली होती. मोटर पेटीत बसली. लिस्टमध्ये तिचं नावही टाकलं गेलं. वजनाचा रकाना तसाच राहिला.

रतनने पेटीला खांदा लावला आणि थांबला. "साहेब, ही जड लागतेय. काट्यावर घेऊ का?"

"ट्रक दारात उभाय, रतन. बंदराचं गेट सहाला बंद होतं."

"पाच मिनिटं लागतील."

"तुला पाच मिनिटं, मला अख्खं जहाज. लिस्ट गेली पार्टीला. आकडा रंगव आणि चढव."

रतनने चारशे वीस रंगवलं. त्याचं अक्षर सुंदर होतं. मग पेटी उचलायला, चारशे वीस किलोंना चालतो तो अर्ध्या टनाचा पट्टा घेतला. मोठा पट्टा भिंतीवर टांगलेलाच राहिला.

मी सहा फुटांवर होतो. छताच्या कप्पीची साखळी वर गेली, पेटी हलली, रतनने ती झुलू नये म्हणून हात लावला. पट्टा आधी एका कडेने उसवला. मग सुटला. पेटी रतनच्या डाव्या पायावर आली. ती नंतर क्रेनने दुसरीकडे तोलली तेव्हा सहाशे नव्वद भरली. मी होतो ना तिथेच. मला पाच मिनिटं दिली असती तर मी सांगितलं असतं.

पाय मांडीपासून गेला.

चौथ्या दिवशी श्यामसुंदर कागद घेऊन खाली आले. चेतना माझ्याजवळच उभी होती.

"अपघाताचा रिपोर्ट आहे. सही कर."

तिने वाचला. "सर, पेटी काट्यावर चढलीच नव्हती."

"चढली होती. काटा खराब होता. वजन रतनने दिलं, आकडा त्याच्या हातचा आहे, फोटो आहे माझ्याकडे."

"मागची लिस्ट उतरवायला तुम्हीच—"

"उतरवली कोणी? तूच ना? मग बघ, कुणाचं नाव पुढे करायचं ते."

चेतनाने सही केली. मी पाहिली. रतनच्या नावापुढे हलगर्जीपणा हा शब्द लागला. आणि मला कुणी तपासायच्या आत त्याच दुपारी भंगारात काढलं. माझं सील पक्कडीने उपटलं. लोखंडाला दुखत नाही म्हणतात. म्हणोत.

कुर्ल्याला सोनूबाईच्या भंगारच्या दुकानात मी पडलो. बाई तोंडाने फाटकी, नजरेने पक्की. मला तोडायला घण उचलला, मग थांबली. तिच्याकडे शिक्क्याचं वीस किलोंचं वजन होतं. माझी वायर जोडून ते तिने माझ्यावर आपटलं. वीस. पुन्हा ठेवलं. वीस.

"आयला," ती म्हणाली, "धडधाकट काटा टाकलाय. कुणाच्या बापाला नको झाला?"

त्या दिवसापासून मी भंगार तोलतो. सात महिने झाले.

परवा दुकानासमोर रिक्षा थांबली. आधी चेतना उतरली. मग रतनची बायको द्रौपदी. मग दोन कुबड्या, आणि त्यांच्यामध्ये रतन. कंपनीच्या जुन्या गेटपासावर सोनूबाईच्या दुकानाचं नाव होतं, ते चेतनाने शोधून काढलं होतं.

द्रौपदीने तिच्याकडे बघितलंही नाही. "सही करताना काहीच वाटलं नाही का गं?"

"वाटलं, वहिनी. तरी केली."

"आता कशाला आलीस मग?"

"लिहून द्यायला. काटा मिळाला तर."

सोनूबाईने काही न विचारता वीस किलोंचं वजन माझ्यावर ठेवलं. वीस. चेतनाने फोनमध्ये फोटो काढला, मग पत्र्याच्या डब्यावर कागद ठेवून लिहायला बसली. पेटीचं वजन केलं नव्हतं. मागची लिस्ट मी उतरवली. काटा चांगला आहे. खाली तिने नाव घातलं. तिची नोकरी उद्या जाईल, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. द्रौपदीने कागदाची घडी करून पदराच्या आत ठेवली. आभार मानले नाहीत. का मानावे?

रतन इतका वेळ माझ्याकडे बघत होता. मग त्याने उरलेल्या पायातली चप्पल काढली. कुबड्या द्रौपदीकडे दिल्या, खांब धरला आणि चढला.

त्रेपन्न.

सोनूबाई वाकली. "दादा, तू किती होतास?"

"बासष्ट."

"म्हणजे चुकतोय की हा."

"नाही बाई," रतन म्हणाला. "बरोबर दाखवतोय."

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुठल्या तरी ऑफिसात बसाल. समोर मागची फाइल उघडी असेल आणि कुणीतरी सांगेल, आकडा तोच ठेव. तेव्हा उठा, खाली जा आणि पेटी काट्यावर चढवा. पाच मिनिटं लागतात. रतनचे नऊ किलो कुठे गेले, ते जगातल्या कुठल्याच लिस्टमध्ये लिहिलेलं नाही. ते फक्त मी दाखवलं.